साम्य, योगायोग आणि नाते : जैविक अनुक्रमांचे संख्याशास्त्र

‘डीएनएने सिद्ध झाले’ हे वाक्य आता चावडीवर, वर्गात, वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर सारख्याच ठसक्याने ऐकू येते. एके काळी ‘शास्त्रात लिहिले आहे’ असे म्हटले की समोरच्याचे बोलणे खुंटत असे. शास्त्र बदलले, ऐकणाऱ्याने मान खाली घालावी ही अपेक्षा मात्र बदललेली नाही. ज्यांच्या पूर्वजांना वाचण्याचाच अधिकार नव्हता त्यांनी तरी ‘लिहिले आहे’ एवढ्यावरून काही मान्य करू नये. काय लिहिले आहे, कोणत्या अक्षरांत, आणि वाचणाऱ्याने कोणत्या हिशेबाने त्याचा अर्थ लावला, हे विचारले पाहिजे. हा हिशेब संख्याशास्त्राचा आहे. पण ज्याला शाळेतला गुणाकार येतो त्याला तो समजतो, हे मी वर्गात पाहिलेले आहे.

प्रथम अक्षरांविषयी. डीएनए हा चार अक्षरांचा मजकूर आहे : ए, टी, जी, सी. त्यातील तीन-तीन अक्षरांचा एक शब्द वाचून पेशी एकेक अमिनो आम्ल जोडत जाते आणि त्या साखळीचे प्रथिन बनते. अमिनो आम्ले वीस. म्हणून प्रथिन हा वीस अक्षरांच्या लिपीतला मजकूर. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात. अल्फा साखळी १४१ अक्षरांची, बीटा साखळी १४६ अक्षरांची. बीटाची सुरुवात अशी : व्ही-एच-एल-टी-पी-ई-ई-के. अशा ओळीला अनुक्रम म्हणतात. फ्रेडरिक सँगर यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत इन्शुलिनचा अनुक्रम उलगडला आणि प्रथिनाला ठरावीक अक्षरक्रम असतो हे पक्के झाले. १९७७ पासून डीएनएची अक्षरेही झपाट्याने वाचता येऊ लागली. त्याआधी, १९६५ साली, अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ या विदुषीने तोवर माहीत असलेल्या ६५ प्रथिनांचे अनुक्रम एका ग्रंथात छापले. प्रत्येक अमिनो आम्लाला एकच अक्षर ही सोयही त्यांचीच. आज अशा संग्रहांत हजारो कोटी अक्षरे आहेत.

संग्रह वाढला की तुलना आली. नवे प्रथिन सापडले की संशोधक विचारतो, याच्यासारखे दुसरे कोणते? साम्य आढळले तर पूर्वज एक असेल, कामही कदाचित सारखे असेल. विचारसरणी बरोबर आहे. पण ‘साम्य’ हा शब्द फसवा आहे. कोणत्याही दोन मजकुरांत काही ना काही साम्य सापडतेच. प्रश्न असा की, नाते नसतानाही एवढे साम्य किती वेळा आढळले असते?

एक घरगुती उदाहरण घेऊ. दादर स्थानकावर दोन अनोळखी माणसांची ओळख झाली. दोघेही कांबळे निघाले. (आडनाव विचारण्यामागे आपल्याकडे दुसराच हिशेब असतो, तो क्षणभर बाजूला ठेवू.) ते भाऊबंद असतील का? समजा, त्या गर्दीत हजारी वीस माणसे कांबळे आहेत. तर कोणतीही दोन माणसे उचलली असता दोन्ही कांबळे निघण्याची शक्यता दहा हजारांत चार. अशी गाठ दादरला रोज पडत असेल. आता समजा, दोघांचेही आडनाव असे निघाले की जे लाखात एकाचेच असते. योगायोगाने ही गाठ पडण्याची शक्यता हजार कोटींत एक. इथे मात्र ‘तुमचे गाव कोणते?’ हा प्रश्न आपोआप तोंडातून निघेल. साम्य दोन्हीकडे एकाच आडनावाचे. पण त्याचे वजन सारखे नाही.

अनुक्रमांच्या तुलनेतला गुणतक्ता याच तत्त्वावर उभा आहे. डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निश्चित नाते असलेल्या प्रथिनांचे ७१ गट तपासले, त्यांत घडलेले १५७२ बदल मोजले आणि १९७८ साली तक्ता प्रसिद्ध केला. पुढे १९९२ साली स्टीव्हन आणि जोर्जा हेनिकॉफ या दांपत्याने आणखी मोठ्या सामग्रीवर ‘ब्लोसम’ नावाचे तक्ते रचले. दोन्हींत विचार एकच : ही दोन अक्षरे समोरासमोर येणे नातलगांत किती वेळा घडते आणि निव्वळ योगायोगाने किती वेळा घडले असते? पहिल्या संख्येला दुसरीने भागायचे. भागाकार एकाहून मोठा आला तर नात्याच्या बाजूने साक्ष, लहान आला तर विरुद्ध. प्रत्येक जागेचे भागाकार एकमेकांनी गुणावे लागतात. गुणाकाराची बेरीज व्हावी म्हणून त्यांचा लॉग घेतात. अकरावीत ज्या लॉगच्या तक्त्यांची आपण धास्ती घेतली त्यांचा हा उपयोग!

ब्लोसम-६२ या तक्त्यात ल्यूसीनसमोर ल्यूसीन आले तर ४ गुण मिळतात, ट्रिप्टोफॅनसमोर ट्रिप्टोफॅन आले तर ११. कारण ल्यूसीन प्रथिनांतले कांबळे आहे, जिथे तिथे भेटते. ट्रिप्टोफॅन दुर्मीळ आणि सहसा न बदलणारे. ल्यूसीनऐवजी आयसोल्यूसीन आले तरी २ गुण मिळतात, कारण दोघांचा स्वभाव जवळचा आणि उत्क्रांतीत ही अदलाबदल खपून जाते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आले तर मात्र उणे २. हा शेवटचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

गुण देण्यापूर्वी दोन ओळी नीट समोरासमोर मांडाव्या लागतात. पिढ्यानपिढ्या नकला होताना अक्षरे गळतात, नवी घुसतात. म्हणून मध्ये रिकाम्या जागा सोडाव्या लागतात आणि प्रत्येक रिकाम्या जागेसाठी गुण कापावे लागतात. दंड ठेवला नाही तर हव्या तिथे जागा सोडून कशालाही कशाशीही जुळवता येते. व्युत्पत्तीच्या नावाखाली असले उद्योग आपल्याकडे पुष्कळ झाले आहेत. दीडशे अक्षरांच्या दोन ओळी मांडण्याचे प्रकार इतके की एकेक तपासायला आयुष्य पुरायचे नाही. नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० साली त्यावर चौकटींच्या तक्त्याची युक्ती काढली. प्रत्येक चौकटीत तिथवरचा सर्वोत्तम गुण लिहायचा आणि तो फक्त शेजारच्या तीन चौकटींवरून काढायचा. संपूर्ण ओळींऐवजी त्यांतला सर्वांत चांगला जुळणारा तुकडा कसा शोधायचा, हे स्मिथ आणि वॉटरमन यांनी १९८१ साली दाखवले. रीत सोपी आहे. आठ-दहा अक्षरांच्या ओळी घेऊन माझे विद्यार्थी ती वहीवर करतात.

आता खरा मुद्दा. समजा, गुण आला ४०. हा मोठा की लहान?

शंभर प्रश्नांची परीक्षा आहे, प्रत्येकाला चार पर्याय. ज्याला काहीच येत नाही त्याने ठोकताळ्याने उत्तरे दिली तर सरासरी २५ गुण पडतील. एकट्याला ४३ पडले तर ‘याला काहीतरी येते’ असे म्हणता येईल. पण असे एक लाख ठोकताळेवाले बसले आणि आपण त्यांतला पहिला आलेला उचलला, तर तो काहीही न येता चाळिशी ओलांडेल. त्याची तुलना २५ या सरासरीशी करणे चूक. तुलना करायची ती ‘लाखातल्या पहिल्याला एरवी किती पडतात’ याच्याशी. संग्रहात शोध घेताना नेमके हेच घडते. आपण आपली ओळ कोट्यवधी ओळींशी ताडून पाहतो आणि सर्वांत चांगली जुळणी उचलतो. निवडून काढलेल्या सर्वोत्तमाचे गणित सरासरीच्या गणिताहून वेगळे असते. ते अनुक्रमांसाठी सॅम्युएल कार्लिन आणि स्टीफन आल्टशूल यांनी १९९० साली मांडले. त्याच वर्षी आल्टशूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्लास्ट’ ही जलद शोधपद्धती प्रसिद्ध केली. जगभरच्या प्रयोगशाळांत ती आजही वापरली जाते.

ब्लास्ट प्रत्येक जुळणीपुढे एक संख्या छापते, तिला ई-मूल्य म्हणतात. तिचा अर्थ : एवढ्या संग्रहात, एवढ्या लांबीची ओळ घेऊन शोधले असता, इतक्या किंवा याहून चांगल्या किती जुळण्या केवळ योगायोगाने सापडतील? ई-मूल्य ५ असेल तर अशा पाच जुळण्या फुकट मिळणारच होत्या, सहाव्याचे कौतुक नको. ई-मूल्य हजारांश असेल तर असे हजार शोध घेतल्यावर एखादी. संग्रह दुप्पट केला की ही अपेक्षाही दुप्पट होते, कारण फसण्याच्या जागा दुप्पट झाल्या. उलट गुण वाढला की ती भराभर घटते. ‘बिट’ या मापात एका गुणाने ती निम्मी होते. म्हणून लांबवर टिकलेले मध्यम साम्यही भक्कम ठरते आणि आखूड तुकड्यातले पूर्ण साम्यही पोकळ निघते.

ज्याच्याजवळ संगणक नाही त्याच्यासाठी जुनी रीत आहे. एका ओळीची अक्षरे पत्त्यांसारखी पिसायची, पुन्हा जुळवायची, गुण लिहायचा. असे शंभर वेळा. पिसलेल्या ओळीत अक्षरे तीच असतात, पण पूर्वजाने दिलेला क्रम मोडलेला असतो. खऱ्या ओळीचा गुण या शंभरांच्या घोळक्यातच बसत असेल तर नात्याची भाषा करू नये.

हे सारे कागदावर पटते, आणि भीतीच्या काळात शिकलेली माणसेही विसरतात. जानेवारी २०२० च्या अखेरीस दिल्लीतील काही संशोधकांनी एक टिपण तज्ज्ञांच्या तपासणीपूर्वीच खुले केले. नव्या कोरोना विषाणूच्या काट्याच्या प्रथिनात, म्हणजे १२७३ अक्षरांच्या साखळीत, जुन्या सार्स विषाणूच्या तुलनेत चार जादा तुकडे आहेत आणि ते एचआयव्हीच्या प्रथिनांशी विलक्षण जुळतात, असे त्यांचे म्हणणे होते. हे योगायोगाने घडले असणे कठीण, असा सूर होता. बातमी वणव्यासारखी पसरली. विषाणू कोणीतरी मुद्दाम घडवला, असा अर्थ लोकांनी तत्काळ काढला.

आकडे पाहू. पहिले दोन तुकडे सहा-सहा अक्षरांचे. ते शंभर टक्के जुळत होते. तिसरा बारा अक्षरांचा आणि चौथा आठ अक्षरांचा. ते मध्ये जागा सोडल्या तरच जुळत. सहा अक्षरांचा विशिष्ट तुकडा एखाद्या ठिकाणी योगायोगाने येण्याची शक्यता, वीसही अक्षरे सारखीच आढळतात असे धरले तर, वीसचा सहावा घात : ६ कोटी ४० लाखांत एक. ऐकून छाती दडपते. पण शोध घेतला कुठे? प्रथिनांच्या पारखून निवडलेल्या छोट्या संग्रहातच त्या वेळी सुमारे २० कोटी अक्षरे होती. त्या एवढ्याशा संग्रहात असा तुकडा निव्वळ योगायोगाने तीन ठिकाणी सापडायला हवा. मोठ्या संग्रहात हजारो कोटी अक्षरे. तिथे शेकडो ठिकाणी. त्यात एचआयव्हीचे बाह्य प्रथिन सतत बदलणारे, आणि त्याच्या असंख्य नमुन्यांचे अनुक्रम संग्रहात पडलेले. म्हणजे सोडतीत एकाच माणसाने गठ्ठ्याने तिकिटे घेतलेली. शिवाय हे चार तुकडे एचआयव्हीच्या एकाच नमुन्यात मिळाले नव्हते. वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या नमुन्यांतून वेचावे लागले होते. वटवाघळातील जवळच्या कोरोना विषाणूचा अनुक्रम ताडला तेव्हा पहिले तीन तुकडे तिथेही जवळजवळ तसेच निघाले. टीका होताच लेखकांनी दोन-तीन दिवसांत टिपण मागे घेतले. ते त्यांनी केले हे चांगले झाले. पण निघालेली बातमी कोण मागे घेणार?

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे. स्नायूंत प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन १५३ अक्षरांचे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीशी त्याची जुळणी करून पाहिली तर शंभरांतली जेमतेम पंचवीस अक्षरे सारखी. पंचवीस टक्के म्हणजे नापास, असे आपली शालेय बुद्धी म्हणेल. तरीही नाते आहे, यात शंका नाही. साम्य सबंध लांबीवर पसरलेले आहे, जागा फारशा सोडाव्या लागत नाहीत, आणि लोहाला धरून ठेवणारी हिस्टिडीनची जागा दोन्हींत जशीच्या तशी सांभाळलेली आहे. केंड्रू आणि पेरुट्झ यांनी दोन्ही प्रथिनांची घडण उलगडली तेव्हा साखळीचे वळणही तेच निघाले. १९६२ चे नोबेल त्यांना मिळाले. शंभर टक्के साम्याची सहा अक्षरे परकी आणि पंचवीस टक्के साम्याची दीडशे अक्षरे सख्खी, असा हा प्रकार. ‘टक्का’ हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो सावकाराच्या व्याजातून, शाळा नंतर आली. म्हणून की काय, कोणी नुसता टक्का सांगितला की ‘कशावर टक्का?’ हे मी आधी विचारतो.

या नियतकालिकाच्या वाचकाला हे का माहीत असावे? कारण माणसे मोजून त्यांची प्रतवारी लावण्याचा उद्योग आपल्यावर होऊन गेला आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझ्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींचा वंश ठरवला; नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा, असा त्यांचा सिद्धांत होता. सरासऱ्यांचे तक्ते पाहून विद्वान गप्प झाले. बाबासाहेब झाले नाहीत. अस्पृश्यतेच्या उगमावरील १९४८ च्या ग्रंथात त्यांनी मोजमापे नाकारली नाहीत. घुर्ये यांनी संकलित केलेलेच आकडे घेतले, प्रांताप्रांतात ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे आकडे शेजारी ठेवले, आणि दोघे वेगळ्या वंशांचे आहेत हे त्यांतून निघत नाही, उलटेच निघते, हे दाखवले. तुलना कशाशी करायची हे ठरवण्याचा हक्क त्यांनी रिझ्लेकडे राहू दिला नाही. संख्याशास्त्राची कित्येक हत्यारे गाल्टन, पिअर्सन, फिशर अशा माणसांच्या हाताखाली घडली, आणि मानवी ‘वाण’ सुधारण्याच्या विचाराचे ते पुरस्कर्ते होते. त्यामुळे हत्यार टाकून द्यावे असे मला वाटत नाही. चालवायला शिकावे.

आता तो उणे २. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. बीटा साखळीत सहाव्या जागी हा बदल झाला की सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते. डीएनएत पाहिले तर ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ झाले, एवढेच. व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ साली हे दाखवून दिले. १४६ पैकी १४५ अक्षरे सारखी, साम्य ९९ टक्क्यांहून अधिक. पण आई आणि वडील दोघांकडून हे अक्षर आलेल्या मुलाच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, रक्त कमी पडते. इथे टक्का पुन्हा आंधळा ठरतो, या वेळी दुसऱ्या बाजूने.

विदर्भातल्या वाचकाला हा आजार सांगायला नको. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी यांनी नागपूर भागातून त्याची नोंद केली. आदिवासी आणि पूर्वास्पृश्य वस्त्यांत तो जास्त दिसतो, म्हणून ‘तो त्यांच्या रक्तातलाच’ असे सर्रास बोलले जाते. तो ज्या प्रदेशांत मलेरिया पिढ्यानपिढ्या ठाण मांडून होता तिथे टिकला, कारण एकाच पालकाकडून हे अक्षर आलेल्या मुलाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत हे दाखवले. आणि तो ठरावीक समूहांत साचून राहिला तो जातीअंतर्गत विवाहामुळे.

पण आफ्रिकेतला आणि आपल्याकडचा हा बदल एकाच पूर्वजाकडून आला, की दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडला? इथे त्या एका अक्षराचे साम्य काहीच सांगत नाही. परीक्षकाला हे लगेच कळेल. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तर एकच असले म्हणून कॉपीचा संशय घेता येत नाही. पण त्याच्या मागेपुढे त्याच निरर्थक चुका, त्याच खाडाखोडी दिसल्या तर? अनुक्रमातही शेजारची, ज्यांचे भलेबुरे काही नाही अशी अक्षरे पाहतात. १९८६ साली कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी पूर्व अरबस्तान आणि भारत येथील रुग्णांतल्या अशा शेजारखुणा तपासल्या. त्या आफ्रिकेतल्यांहून वेगळ्या निघाल्या, तेव्हा आशियातला बदल स्वतंत्र, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे २०१८ साली श्रायनर आणि रोटिमी यांनी मोजक्या खुणांऐवजी सबंध जनुकसंचाचे अनुक्रम वापरले आणि उगम एकच, सुमारे ७३०० वर्षांपूर्वीचा, असे मांडले. पिढीगणिक डीएनएचे तुकडे तुटून पुन्हा जोडले जातात, त्यामुळे शेजारी बदलतात. बदललेल्या शेजाऱ्यांवरून मूळ गाव ओळखण्याची ही खटपट आहे. नवा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला आहे असे नाही.

वस्तीतल्या कार्यकर्त्याला या वादाच्या निकालासाठी थांबावे लागत नाही. त्याला वेगळीच शक्यता समजावून सांगावी लागते, आणि तिथेही चूक योगायोगाच्या हिशेबातलीच होते. आई-वडील दोघे ‘एएस’, म्हणजे वाहक असतील तर प्रत्येक अपत्य ‘एसएस’ निघण्याची शक्यता चारांत एक. पुष्कळ घरांत याचा अर्थ असा घेतला जातो की एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली. चिठ्ठ्यांच्या डब्यातून एक चिठ्ठी काढून टाकल्यासारखे हे नाही. प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत डब्यात पडते. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेपेलाही शक्यता चारांत एकच राहते. दोघे वाहक आहेत की नाही हे लग्नापूर्वी एका रक्ततपासणीत कळते, आणि गर्भ एसएस आहे का हेही गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तपासता येते.